खपलीखाली काय चालतं?

ओहोटीला खडपात कालवं काढणाऱ्या बायकांच्या हातापायांवर पांढुरक्या, ओढल्यासारख्या रेषा दिसतात. कालवाच्या शिंपल्याची कड भारी धारदार. पाय घसरला की कापलंच. जखम पंधरवड्यात बुजते, पण खोल कापलं असेल तर रेषा कायमची राहते.

पेशी वाढल्या की जखम भरते, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं. कातडीच्या आतल्या थरात पेशी विरळच असतात. बाकीची जागा व्यापते ती त्यांनीच बाहेर सोडलेल्या प्रथिनांची आणि पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करासाखळ्यांची जाळी, म्हणजे पेशीबाह्य आधारक. त्यातलं मुख्य प्रथिन कोलॅजन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के तेच!

कापल्यावर रक्त गोठतं, तेव्हा फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे नुसतं रक्त थांबवत नाहीत. मागून येणाऱ्या पेशींना पाय रोवायला जागाही देतात. त्यांवरून जाळी विणणाऱ्या, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी आत सरकतात आणि घाईघाईनं नाजूक, 'तिसऱ्या' प्रकारचं कोलॅजन घालतात. पुढे महिनोन्‌महिने ते काढून दणकट 'पहिला' प्रकार बसवला जातो. पावसाच्या तोंडावर आधी ताडपत्री टाकावी आणि कौलं सवडीनं चढवावीत, तसलं हे काम. धडधाकट कातडीत धागे आडवेतिडवे गुंतलेले असतात, व्रणात बरेचसे एकाच दिशेला. त्यामुळे व्रणाची ताकद मूळच्या ८० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही.

पेशी ही जाळी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरतात, ओढून बघतात. अॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एकाच प्रकारच्या मूळपेशी (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात) वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूंच्या, त्याहून कडक जेलवर हाडाच्या. खुराक तोच, बदलला फक्त कडकपणा. मला तर हे अजूनही अजब वाटतं.

मधुमेह्याचा पाय चिघळतो, त्यात बधिरपणा, अपुरा रक्तपुरवठा आणि जंतू यांचा हात असतोच. शिवाय जाळी तोडणारी विकरं तिथे माजतात आणि नवी जाळी टिकतच नाही. अशांनी खडपात अनवाणी उतरूच नये.

कोलॅजनची तिपेडी दोरी घट्ट राहायला क जीवनसत्त्व लागतं. स्कर्व्ही झालेल्या दर्यावर्दींचे वर्षांपूर्वी बुजलेले व्रणसुद्धा पुन्हा उघडत. व्रणातलं कोलॅजन सतत तुटत असतं आणि नव्यानं घातलं जात असतं; घालणं थांबलं की नुसतं तुटणं उरतं. काजूच्या बोंडूत संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं, आणि आपल्याकडे बी काढून घेतली की बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतात.