पॉवर केज की स्क्वॉट रॅक: खाली येणाऱ्या वजनाचे गणित

कोथरूडच्या फ्लॅटमधील एखादी खोली असो, धायरीच्या रो हाऊसची मागची पडवी असो किंवा सदाशिव पेठेतल्या वाड्याची तळमजल्यावरची खोली असो, घरी बारबेलने व्यायाम करायचे ठरवले की पहिला मोठा खर्च रॅकचा, म्हणजे बार ठेवण्याच्या लोखंडी चौकटीचा असतो आणि पहिला गोंधळही त्याचाच होतो. चार खांबांची बंद पॉवर केज घ्यावी की दोन खांबांचा उघडा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) रॅक? खरेदीच्या वेळी चर्चा होते ती रॅक किती किलो पेलेल याची. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे, कारण हुकांवर शांतपणे ठेवलेले वजन साधा रॅकही पेलतो. त्याची खरी परीक्षा होते ती शेवटचा रेप (व्यायामाची एक आवृत्ती) अर्ध्यावर अडतो, पाय किंवा हात साथ सोडतात आणि भरलेला बार खाली येऊ लागतो तेव्हा. तालमीत अशा वेळी वस्तादांची नजर असते, जोडीदाराचे हात असतात. घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्यासाठी ते काम लोखंडाला करावे लागते.

त्या लोखंडावर नेमके काय येते, ते पाहू. ८० किलोचा बार अर्धा मीटर खाली पडला तर त्याच्यात सुमारे ३९० ज्यूल ऊर्जा येते आणि ती कुठेतरी जिरावी लागते. आधार देणाऱ्या पिना (केजमधले आडवे लोखंडी दांडे) आणि बार मिळून दोन सेंटीमीटर लवले आणि तेवढ्यात बार थांबला, तर थांबवणारे सरासरी बल जवळपास २०,००० न्यूटन, म्हणजे दोन टन वजनाइतके भरते. हाच बार पिनांच्या वर फक्त पाच सेंटीमीटरवर असताना सुटला तर ऊर्जा दहा पटींनी कमी, सुमारे ३९ ज्यूल उरते. म्हणजे आघात ठरवणाऱ्या गोष्टी दोन आहेत: बार किती उंचीवरून पडतो आणि किती अंतरात थांबतो. काही केजमध्ये पिनांऐवजी नायलॉनचे जाड पट्टे मिळतात. ते अधिक ताणले जातात, त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढते आणि धक्का सौम्य होतो. कडक, अरुंद पिनांवर बार वारंवार आदळला तर तो कायमचा वाकूही शकतो, कारण मधला भाग पिनांवर थांबतो तेव्हा दोन्ही टोकांच्या प्लेटा मात्र आपल्या गतीने खाली जाऊ पाहत असतात.

केज आणि उघडा रॅक यांच्यातला मूलभूत फरक आधार देणाऱ्या दांड्यांच्या बांधणीत आहे. केजमधली पिन पुढच्या आणि मागच्या अशा दोन खांबांच्या छिद्रांतून जाते, म्हणजे तिला दोन्ही टोकांना आधार असतो. उघड्या रॅकचे सुरक्षा दांडे मात्र खांबातून पुढे आलेले असतात. त्यांचे एकच टोक धरलेले असते आणि दुसरे मोकळे असते, इमारतीच्या भिंतीतून पुढे काढलेल्या गॅलरीसारखे. स्थापत्यशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवले जाणारे गणित येथे जसेच्या तसे लागू पडते. दोन टोकांवर टेकलेल्या दांड्याच्या मध्यभागी भार ठेवला असता त्याला जेवढे वाकवणारे आघूर्ण (बल गुणिले अंतर) सोसावे लागते, त्याच्या चौपट आघूर्ण तेवढ्याच लांबीच्या एकटांगी दांड्याच्या मुळाशी येते, जर तोच भार त्याच्या मोकळ्या टोकावर असेल तर. टोकाचे लवणे तर सोळा पट होते. म्हणूनच चांगल्या उघड्या रॅकचे दांडे आखूड आणि जाड पाइपचे असतात. त्यांच्यावर बार अलगद टेकवता येतो, परंतु एक पाऊल मागे सरकून स्क्वॉट करणाऱ्याचा बार त्यांच्या टोकाशी किंवा टोकापलीकडे पडण्याचा धोका राहतो. केजमध्ये बार चार पायांच्या आत पडतो, त्यामुळे रॅक उलटण्याचा प्रश्नही बहुतांशी मिटतो.

उलटण्याचे गणितही करून पाहावे. ४० किलोचा रिकामा स्टँड, म्हणजे हलका उघडा रॅक आहे, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून ६० सेंटीमीटर पुढे आहे आणि बार परत ठेवताना १४० सेंटीमीटर उंचीवर खांबाला आडवा धक्का बसतो, असे समजा. हा स्टँड मागे कलायला सुमारे १७ किलो वजनाइतके आडवे बल पुरते. १०० किलो खांद्यावर घेऊन थकलेला माणूस पुढे झुकत बार हुकांत घालतो, तेव्हा एवढा धक्का सहज बसतो. स्लॅबला भोके पाडायची नसतील तर हलका स्टँड जाड प्लायवुडच्या फलाटावर बोल्टने पक्का करावा आणि स्वतःही त्याच फलाटावर उभे राहावे.

बेंच प्रेसच्या, म्हणजे बाकावर उताणे पडून बार वर ढकलण्याच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे. स्क्वॉट अडला तर खाली बसता येते आणि रबरी बंपर प्लेटा व मागे मोकळी जागा असेल तर बार पाठीमागे सोडून पुढे निघताही येते. बेंचवर पाठ टेकलेली असते, बार छातीवर किंवा मानेवर येतो आणि बाहेर पडायला वाट नसते. एकट्याने बेंच प्रेस करणाऱ्याने केज घ्यावी किंवा बेंचच्या दोन्ही बाजूंना पुरेल इतक्या लांब, भक्कम दांड्यांचा रॅक घ्यावा. येथे खांबांवरच्या छिद्रांमधील अंतर फार महत्त्वाचे ठरते. मी माझ्या केजमध्ये टेपने मोजले, तेव्हा बेंचची उंची ४३ सेंटीमीटर, पाठीची कमान करून छातीचा वरचा बिंदू जमिनीपासून ६७ आणि कमान सोडून मान सैल टाकल्यावर गळा ५५ सेंटीमीटरवर भरला. पिनेची वरची कड या दोहोंच्या मध्ये, छातीच्या थोडी खाली आणि गळ्याच्या स्पष्टपणे वर हवी. ती ६२ वर ठेवली तर नेहमीच्या रेपमध्ये पिन आड येत नाही आणि रेप अडला की कमान सोडताच बार पिनांवर टेकतो. छिद्रे पाच सेंटीमीटरवर असतील तर या पट्ट्यात एखादेच उपयोगी छिद्र सापडते. दहा सेंटीमीटरवर असतील तर कदाचित एकही सापडत नाही. बेंचच्या पट्ट्यात अडीच सेंटीमीटरवर छिद्रे असलेली केज थोडी महाग मिळाली तरी घ्यावी.

मग उघडा रॅक कोणी घ्यावा? बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होतात तशा वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांमधील स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या प्रकारांत बार डोक्यावर जातो आणि प्रसंगी पुढे किंवा मागे सोडावा लागतो, त्यामुळे त्या खेळाडूला चार खांबांची चौकट अडचणीची होते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांतही स्क्वॉटसाठी उघडाच रॅक असतो, पण तेथे मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर (बार सावरणारे मदतनीस) उभे असतात. रोज भरवशाचा जोडीदार असेल किंवा जागाच कमी असेल, तर उघडा रॅक योग्य आहे.

पुण्यात अनेक जण भोसरीसारख्या औद्योगिक भागातील फॅब्रिकेटरकडून रॅक बनवून घेतात. त्यांच्यासाठी एक माप आवश्यक आहे. २.२ मीटर लांबीच्या ऑलिम्पिक बारवर दोन्ही स्लीव्हच्या (प्लेटा अडकवायच्या जाड टोकांच्या) आतल्या कडांमधील अंतर १३१ सेंटीमीटर असते, म्हणून रॅकची रुंदी बाहेरून बाहेर १२० सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी. माझा पहिला रॅक साडेचार फुटी, म्हणजे १३७ सेंटीमीटरचा बनवला गेला आणि बार हुकांवर नीट बसेचना, स्लीव्हच खांबांवर येऊ लागल्या. शेवटी आडवे पाइप कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागले. पाइप निवडताना जाडीबरोबरच बाजूचे माप पाहावे. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा ७५ मिलिमीटर बाजूचा चौकोनी पाइप ५० मिलिमीटरच्या पाइपाच्या सुमारे सव्वादोन पट भार कायमचा न वाकता पेलतो, तर त्याचे वजन केवळ दीडपट असते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या मनात स्लॅबची भीती असते. भारतीय मानक ८७५ नुसार राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरला जातो. ९० किलोची केज, १०० किलोचा बार आणि ७५ किलोचा माणूस मिळून १.७ चौरस मीटरवर चौरस मीटरमागे साधारण १५६ किलो होतात. शांत भारासाठी हे बसते. आदळणाऱ्या बारसाठी आणि कोपऱ्यात रचलेल्या जादा प्लेटांसाठी हे गणित नाही, त्यामुळे डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे) तळमजल्यावर किंवा जाड रबरी मॅटवर करावी. छताची उंचीही आधीच मोजावी: पुल-अपच्या दांड्याच्या वर डोक्यासाठी साधारण ३० सेंटीमीटर मोकळी जागा लागते.

केज किंवा रॅक लागला की पहिल्याच दिवशी रिकामा, २० किलोचा बार खांद्यावर घ्यावा, स्क्वॉटच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत जावे आणि तेथून मुद्दाम उठू नये. बार पिनांवर टेकण्यासाठी आणखी जेमतेम पाच सेंटीमीटर खाली जावे लागले, तर पिना बरोबर लागल्या आहेत. टेकण्याआधीच कंबर वाकू लागली, तर त्या एक छिद्र वर घ्याव्यात. मग बाराखालून पुढच्या बाजूने सरपटत बाहेर यावे आणि लागलेल्या छिद्राच्या क्रमांकावर खडूने खूण करून ठेवावी.