महात्मा फुले योजना: डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा

महात्मा फुले जन आरोग्य योजना ही राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, पण तिचं कार्ड खिशात आहे म्हणून कुठल्याही हॉस्पिटलात उपचार फुकट होत नाहीत. हॉस्पिटल योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं असावं लागतं, आणि आजार योजनेच्या उपचारयादीत असावा लागतो. आमच्या नात्यातल्या एकाला रात्री छातीत कळ आली, तेव्हा घाईत आम्ही काउंटरवर आधी डिपॉझिट भरलं आणि सकाळी योजना आठवली. पुढच्या उपचाराला मंजुरी मिळाली. रात्री भरलेले पैसे गेले ते गेलेच.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेली ही योजना बरीच वर्षं प्रामुख्याने पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली झाली. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालतं. उत्पन्नाची अट गेली, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते माणशी नाही, अख्ख्या घराला मिळून. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं. त्याला आधार पुरतं.

कागद थोडेच लागतात: रेशनकार्ड आणि आधार किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र. गाडी अडते ती नावांवर. रेशनकार्डावर ‘सखुबाई’, आधारवर ‘सखू’. नवी सून माहेरच्या कार्डावर, सासरच्या कार्डात तिचं नावच नाही. अशी दुरुस्ती पेशंट आयसीयूत असताना तहसीलच्या पुरवठा शाखेत करत बसायची वेळ येऊ देऊ नका. आजच कार्ड काढून नावं ताडून पाहा. तान्ह्या बाळाचं नाव कार्डात चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आईवडिलांचं कार्ड सोबत ठेवा.

अर्ज असा वेगळा भरायचा नसतो. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं. तो कागद पाहून नोंदणी करतो, डॉक्टर तपासतात आणि हॉस्पिटल ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. मंजुरी आली की शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या आणि जेवण यांचे पैसे घ्यायचे नाहीत. तातडीची केस असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. मात्र ‘तातडीची केस आहे’ हे आरोग्यमित्राला तुम्हीच ठासून सांगा.

ताप-खोकल्याची ओपीडी यात बसत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत.

मंजुरीनंतरही कुणी पैसे मागितले तर आधी पावती मागा. मग १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावा, तोही पेशंट हॉस्पिटलात असतानाच.