गाइडलाइन, चिकित्सकाचा निर्णय आणि निर्णयाच्या नावाखाली खपणारी सवय

कंबरदुखीवर हाताने मणक्याचे उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांविषयी हे लिहितो आहे. गाइडलाइन म्हणजे पुरावे तपासून तज्ज्ञ संस्थांनी काढलेल्या उपचारांच्या शिफारशी; तिच्याविषयी थोडक्यात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१७ ची गाइडलाइन नव्या कंबरदुखीत औषधांआधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मणक्याचे मॅनिप्युलेशन (हाताने दिलेला झटका) सुचवते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २०१६ ची गाइडलाइन मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने केलेले उपचार, व्यायामाच्या जोडीनेच द्यावी असे सांगते. धोक्याची लक्षणे नसताना सरसकट एक्स-रे काढू नये, हेही आता सर्वमान्य आहे.

खरा घोटाळा पुढे होतो. ‘गाइडलाइन पुस्तकात, माझा अनुभव माझ्या हातात’ असे म्हणत प्रत्येक रुग्णाचा एक्स-रे काढणारे आणि प्रत्येकाला भेटींचे एकच आगाऊ पॅकेज देणारे कायरोप्रॅक्टर त्यालाच आपला क्लिनिकल निर्णय म्हणतात, याची मला मनापासून चीड आहे. निर्णय समोरच्या माणसामुळे बदलतो. जो कोणासाठीच बदलत नाही, ती सवय.

दादरच्या एखाद्या दवाखान्यात दोन रुग्ण एकामागून एक आले, असे समजा. पहिल्या आजी दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहेत. गाइडलाइन मॅनिप्युलेशनला मोकळीक देते, पण या गोळ्यांमुळे त्यांची हाडे ठिसूळ झाली असण्याची दाट शक्यता ओळखून चिकित्सक झटका देण्याचे टाळतो आणि तसे कारण केसपेपरवर लिहितो. दुसऱ्या तरुणाच्या घरात नुकताच क्षयाचा रुग्ण होऊन गेला आहे, त्याची भूक मंदावली आहे आणि पाठ रात्री जास्त दुखते. मुंबईत क्षयाचे प्रमाण पाहता मणक्याच्या क्षयाची शंका येथे आधी यायला हवी, म्हणून चिकित्सक हात लावण्यापूर्वीच एक्स-रेसह तपासण्या सांगतो. तोच एक्स-रे सरसकट काढला तर सवय असते, इथे तो निर्णय आहे.

जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मात्र निर्णयाला वावच नाही. रुग्णाला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवायचे.

रुग्णांनी पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारावे: हा उपचार माझ्यासाठीच का, आणि किती भेटींत फरक पडला नाही तर तो थांबवायचा?