वादळवेड

वादळवेड : चक्रीवादळ, टोर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी सोंडेसारखी प्रचंड वावटळ), गारपीट, विजा असल्या रौद्र हवामानाची माणसाला लागणारी कायमची ओढ. ही ओढ पहिल्यांदा लागते कशी, हा या नोंदीचा मुख्य विषय. शब्द अजून कोशात रुळलेला नाही, पण किल्ल्यांचं वेड, रेल्वेचं वेड म्हणतो तसंच हे, आणि वेड हा शब्द इथे कौतुकानेच घ्यायचा. गच्चीवर पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजणारे, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की रात्री दोन वाजता सॅटेलाइटची चित्रं उघडून बसणारे, अमेरिकेत कॅमेरा घेऊन ढगामागे गाडी पळवणारे, आणि हवामान खात्यात आयुष्य काढणारे, हे सगळे यात येतात.

ओढीचं कारण काय यावर साधारण तीन मतं आहेत. एक, लहानपणी वादळाची जबर भीती बसते आणि पुढे त्या भीतीचंच कुतूहल होतं. दुसरं, हा सगळा थराराचा मामला आहे. तिसरं, वादळात किंवा वादळ गेल्यावर एखादी गोष्ट अशी दिसते की तिचा हिशोब लागत नाही आणि ती डोक्यातून जात नाही. जॉर्जिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अॅलन स्टुअर्ट यांनी २००९ साली हवामान माणसाच्या मनात किती जागा व्यापतं ते मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यावरून एवढं तरी दिसतं की हे प्रमाण माणसागणिक बरंच वेगवेगळं असतं. पण इतिहासात ज्यांची सुरुवात नीट नोंदलेली आहे अशी माणसं एकेक करून बघितली तर तिसरं मत जास्त पटतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांना वादळाने नाही तर वादळाच्या खुणांनी धरलं.

शब्द : तुफान हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि फारसीत अरबीतून. अरबीत त्याचा रोख वाऱ्यापेक्षा पाण्यावर आहे, कुराणात नूहच्या काळचा जलप्रलय तो तूफान. ग्रीकमध्ये टायफॉन हा वाऱ्यांचा बाप समजला जाणारा राक्षस, चिनी भाषांमध्ये मोठा वारा या अर्थाचा जवळपास तसाच ऐकू येणारा शब्द आहे, आणि पोर्तुगीज खलाशांच्या तोंडीही त्याचंच एक रूप होतं. आता अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला की अरबीतच स्वतंत्र घडला, आणि चिनी शब्दाचा याच्याशी खरंच संबंध आहे की नुसता योगायोग, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एकाच मुळातून सगळे शब्द काढायची ओढाताण करण्यापेक्षा दोन-तीन वेगळे शब्द हिंदी महासागरातल्या बंदरांवर खलाशांच्या तोंडात एकमेकांत मिसळले असं मानणं जास्त सरळ वाटतं. हरिकेन हा अटलांटिककडच्या चक्रीवादळाचा शब्द मात्र पूर्ण वेगळा, तो कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला.

चक्रवात हा शब्द आपल्याकडे सायक्लोनचं भाषांतर म्हणून आला असं बरेच जण धरून चालतात, ते बरोबर नाही. भागवताच्या दशम स्कंधात तृणावर्त दैत्य बाळकृष्णाला उचलून नेतो तो ‘चक्रवातस्वरूपेण’, म्हणजे गोल फिरणाऱ्या वाऱ्याचं रूप घेऊन. तिथला वारा वावटळीच्या जातीचा आहे, शेकडो किलोमीटर पसरलेल्या समुद्री वादळाची कल्पना त्यात नाही, पण वारा गोल फिरतो ही नजर जुनी आहे एवढं नक्की.

सायक्लोन हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात घडवला. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकात तो सापडतो. काही ठिकाणी १८४० च्या आसपासचा काळ सांगतात, पण छापील पुरावा म्हणून १८४८ धरणंच बरं. त्यांनी तो ग्रीक ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ यावरून घेतला आणि सापाचं वेटोळं असाही त्या शब्दाचा एक अर्थ असल्याचं सांगितलं. पुढच्या कोशकारांचं म्हणणं असं की वेटोळ्याचा ग्रीक शब्द ‘किक्लोमा’, तेव्हा व्युत्पत्ती थोडी घसरली. व्याकरणाने घसरली असेल, पण उपमा अचूक बसली, कारण वादळातला वारा बंद वर्तुळात फिरत नाही, तो वेटोळ्यासारखा आत आत येतो, आणि नेमक्या याच मुद्द्यावर तेव्हा अमेरिकेत जोराची भांडणं चालली होती (खाली बघा).

सुरुवातीच्या नोंदी : बेंजामिन फ्रँकलिन यांचं उदाहरण सगळ्यात आधी घ्यावं लागतं. २१ ऑक्टोबर १७४३ ला फिलाडेल्फियात त्यांना चंद्रग्रहण बघायचं होतं पण ईशान्येकडून वादळ आलं आणि आभाळ भरून गेलं. नंतर कळलं की ईशान्येलाच असलेल्या बोस्टनमध्ये ग्रहण व्यवस्थित दिसलं, वादळ तिथे त्यानंतर पोचलं. वारा ईशान्येकडून येतोय आणि वादळ मात्र ईशान्येकडे चाललंय, हे कसं? वारा एका दिशेचा आणि वादळाची चाल दुसऱ्या दिशेची असू शकते हे यातून त्यांच्या लक्षात आलं. पुढे १७५५ साली मेरीलँडमध्ये घोड्यावरून जाताना एक वावटळ दिसली, बाकीची मंडळी थांबून बघत राहिली आणि फ्रँकलिन तिच्या बाजूबाजूने घोडा पळवत गेले, चाबकाचे फटके मारून ती मोडते का तेही करून बघितलं. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलेलं. वादळाचा पाठलाग करणारा पहिला माणूस कोण या वादात म्हणून काही जण त्यांचंच नाव घेतात.

विल्यम रेडफिल्ड (१७८९–१८५७) यांची हकिगत मात्र सविस्तर सांगायलाच हवी, कारण वेड लागण्याचा क्षण इतका स्पष्ट फार कमी ठिकाणी पकडता येतो. हा माणूस कोणी प्राध्यापक नव्हता, घोड्याचं खोगीर आणि सामान बनवायचं काम शिकलेला, कनेटिकट राज्यात मिडलटाउनजवळ दुकान चालवणारा. ३ सप्टेंबर १८२१ ला तिथे मोठं वादळ झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या थोरल्या मुलाला घेऊन ते मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागाकडे निघाले, वाटेत सगळीकडे झाडं आडवी. मिडलटाउनच्या बाजूला झाडांचे शेंडे वायव्येकडे, म्हणजे वारा आग्नेयेकडून आलेला. पुढे बर्कशायरच्या डोंगराळ भागात पोचले तर झाडं बरोबर उलटी पडलेली, शेंडे आग्नेयेकडे. लोकांना विचारत गेले तेव्हा कळलं की मिडलटाउनला रात्री नऊच्या सुमाराला आग्नेयेचा वारा घोंघावत होता त्याच वेळेला स्टॉकब्रिजला वायव्येचा वारा तितक्याच जोरात होता, आणि दोन्ही जागांमधलं अंतर जेमतेम ७० मैल. एकाच वेळी समोरासमोरून दोन वादळं येऊन थडकली असं तर होणार नाही. मग एकच वादळ, पण भोवऱ्यासारखं गोल फिरणारं आणि फिरत फिरत पुढे सरकणारं, मिडलटाउन त्याच्या उजव्या हाताला आणि स्टॉकब्रिज डाव्या हाताला.

ही गोष्ट त्यांनी जवळजवळ १० वर्षं मनात ठेवली. नंतर आगबोटीवर येल कॉलेजचे डेनिसन ओल्मस्टेड योगायोगाने भेटले, गारांच्या वादळावर ओल्मस्टेड यांनी लिहिलेल्या लेखावरून बोलणं सुरू झालं आणि रेडफिल्ड यांनी ती पडलेली झाडं सांगितली. ओल्मस्टेड यांनी लिहायला लावलं, १८३१ ला लेख छापून आला. १८४८ साली अमेरिकेतली विज्ञानाची मोठी संघटना निघाली तिचा पहिला अध्यक्ष हा खोगीरवाला झाला.

लेखावरून जो वाद पेटला तो २० वर्षं तरी धुमसला. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ जेम्स एस्पी यांचं म्हणणं, वारा गोल फिरत नाही, चारी बाजूंनी सरळ मध्याकडे धावतो, कारण मध्यावर ओलसर गरम हवा वर चढते आणि वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी सगळं श्रेय विजेला दिलं. आज बघितलं तर हेअर बाजूला पडतात आणि उरलेले दोघंही अर्धे अर्धे बरोबर ठरतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मध्याकडे धावणारी हवा वळते आणि मध्याभोवती फिरू लागते, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणून रेडफिल्ड बरोबर. पण जमिनीशी आणि पाण्याशी घासून वाऱ्याचा वेग कमी होतो, वळवणारा जोरही त्यामुळे घटतो आणि हवा आत झुकते, म्हणून एस्पी पण बरोबर. आणि वादळाला ताकद कुठून मिळते याबाबत तर एस्पींचीच बाजू वरचढ, चक्रीवादळ उबदार समुद्राच्या वाफेवर जगतं आणि जमिनीवर आलं की ढिलं पडतं ते याचमुळे.

वेड एकाकडून दुसऱ्याला लागतं त्याचं उदाहरण लगेच पुढे आहे. १८३१ च्या ऑगस्टमध्ये बार्बाडोस बेट वादळाने उद्ध्वस्त झालं, तिथल्या इमारती पुन्हा उभ्या करायला ब्रिटिश लष्करी इंजिनिअर विल्यम रीड यांना पाठवलं. पडलेल्या भिंती बघून त्यांना ही वादळं समजून घ्यायची ओढ लागली, रेडफिल्डचा लेख हाती आला, जहाजांच्या लॉगबुका (प्रवासातल्या रोजच्या नोंदवह्या) जमवल्या आणि १८३८ ला पुस्तक काढलं. ते पुस्तक कलकत्त्यात पिडिंग्टन यांनी वाचलं. पिडिंग्टन जुने जहाजी, आता जमिनीवर नोकरी करणारे, त्यांनी बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या लॉगबुका गोळा करायला घेतल्या आणि १८३९ पासून लेखांमागून लेख लिहिले. त्यांच्या पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक पातळ पत्र्याच्या दोन चकत्या यायच्या, त्यांच्यावर वाऱ्याची वर्तुळं काढलेली, एक उत्तर गोलार्धासाठी, दुसरी दक्षिण. कप्तानाने नकाशावर आपलं जहाज असेल तिथे चकती ठेवायची, अंगावर येणारा वारा जुळवायचा, की वादळाचा मध्य कुठल्या अंगाला आहे ते समजणार आणि मग कुठे पळायचं ते ठरवायचं. रेडिओ नाही, सॅटेलाइट नाही, हातात फक्त शिंगाचा तुकडा! १८५३ ला याच माणसाने गव्हर्नर जनरलला पत्र लिहून मातला नदीवरचं नवं बंदर बांधू नका, वादळाची लाट ते धुऊन नेईल असं बजावलं. ऐकलं नाही. १८६७ ला त्या बंदरावर, पोर्ट कॅनिंगवर, तसंच झालं, पिडिंग्टन तोवर वारले होते.

विसावं शतक : २७ जुलै १९४३ ला टेक्सासमध्ये विमानं चालवायला शिकवणारे जोसेफ डकवर्थ पैजेवर एका इंजिनाचं विमान घेऊन गॅल्व्हेस्टनजवळच्या हरिकेनच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या शांत भागात, शिरले आणि परत आले. हे थराराचं उदाहरण म्हणून देतात ते ठीकच, पण विमान उतरल्यावर तळावरच्या हवामान अधिकाऱ्याने मलाही न्या म्हटलं आणि डकवर्थ त्याला घेऊन त्याच दिवशी परत गेले. पहिली फेरी पैजेची, दुसरी बघण्यासाठीची.

तेत्सुया फुजिता (जन्म १९२०) यांची सुरुवात वादळाने झालीच नाही. ते जपानमधल्या कोकुरा शहराजवळ कॉलेजात शिकवत होते. ९ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब आधी कोकुरासाठीच होता, आभाळ स्वच्छ नव्हतं म्हणून विमान नागासाकीला गेलं. नंतर फुजिता हिरोशिमा आणि नागासाकी दोन्हीकडे पाहणीला गेले. खाली पडलेलं, जळलेलं, वाकलेलं सगळं कुठल्या दिशेला आहे ते बघत बॉम्ब कुठे आणि किती उंचीवर फुटला याचा माग काढायचा, ही नजर तिथे तयार झाली. १९५३ ला ते शिकागो विद्यापीठात गेले, १९७१ ला टोर्नेडोची तीव्रता ठरवायची श्रेणी दिली, तीही वारा मोजून नाही तर नुकसान बघून. ३ आणि ४ एप्रिल १९७४ ला अमेरिकेत १४८ टोर्नेडो झाले, त्यांचे माग विमानातून तपासताना काही ठिकाणी जंगलातली झाडं गोल पडलेली नव्हती, मधून बाहेर चौफेर पसरली होती, चांदणीसारखी. अशी रचना त्यांनी आधी बॉम्बखाली बघितलेली. यातून आणि १९७५ च्या न्यूयॉर्कमधल्या विमान अपघाताच्या तपासातून ढगातून सरळ खाली आदळणाऱ्या हवेच्या झोताची, मायक्रोबर्स्टची, कल्पना निघाली, आणि विमानतळांवर त्याची आगाऊ सूचना मिळायला लागल्यामुळे किती जीव वाचले असतील. फुजितांनी स्वतःच्या डोळ्यांनी पहिला टोर्नेडो बघितला तो १९८२ ला.

हौस म्हणून वादळामागे गाडी घेऊन जाणाऱ्यांमध्ये पहिला कोण यावर अमेरिकेत मतभेद आहेत. रॉजर जेन्सन यांचं नाव १९५३ पासून घेतात, डेव्हिड होडली यांनी १९५६ ला नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्कमध्ये शाळकरी वयात सुरुवात केली आणि १९७७ ला या छंदाचं नियतकालिक काढलं, तर शास्त्रीय पाठलाग म्हटलं की ओक्लाहोमाचे नील वॉर्ड, १९६१. या छंदाला किंमतही आहे. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टोर्नेडो ४ किलोमीटरच्या वर रुंद झाला आणि टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले, हे तिघंही अनुभवी आणि सावध संशोधक म्हणून ओळखले जायचे.

महाराष्ट्र : इथल्या किनाऱ्यावर थेट येणारी चक्रीवादळं थोडी. नोव्हेंबर १९४८ चं मुंबईचं, नोव्हेंबर २००९ चं फयान, ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला आलेलं निसर्ग. त्यामुळे मराठी मुलखात वादळवेडाची सुरुवात बहुतेक वेळा पावसातून, विजांतून होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. त्या दिवशी कंबरभर पाण्यातून घरी आलेल्या आणि नंतर पेपरात हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचलेल्या मुलांपैकी काही आज हवामानाचे नकाशे वाचताना दिसतात, आणि त्यांना विचारलं तर पाण्यापेक्षा त्या आकड्यांबद्दलच जास्त बोलतात.

नुकसान ज्याचं झालं त्याच्यापुढे ओढ हा शब्द काढताना मात्र भान ठेवावं लागतं. निसर्गने दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या झोपवल्या, नव्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारांनी उभं पीक गेलं. त्या शेतकऱ्याचं आभाळाकडे बघणं वेगळं.

कोकणात पोरांना या विषयाची पहिली ओळख बऱ्याचदा बावट्याने होते. ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य लहानपणी घरात कोणीतरी बोललं की आम्ही पोरं तीनचा अर्थ चारपेक्षा एकाने कमी असाच लावायचो. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे, असे एकूण ११ इशारे. १ आणि २ म्हणजे वादळ लांब समुद्रात, ३ आणि ४ म्हणजे बंदरालाच धोका संभवतो. पुढे ५, ६, ७ मध्ये जोर वाढत जात नाही, बाजू बदलते : ५ म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डाव्या हाताला राहणार, ६ म्हणजे उजव्या, ७ म्हणजे वादळ बंदरावरूनच किंवा अगदी जवळून जाणार. ८, ९, १० ला तोच क्रम परत, फक्त वादळ तीव्र. रेडफिल्डने झाडांवरून जे ओळखलं तेच इथे खांबावर टांगलेलं असतं. ११ नंबर म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी बंदराचा संपर्क तुटला.