छोटा गिझर, मोठा लोड: खरेदीआधी प्लग बघा

थंडी पडली की दुकानात हमखास विचारलं जातं, "तीन लिटरचा इन्स्टंट घेतला तर वीज कमी लागेल ना?" नाही. तो 3 किलोवॉटचा असतो आणि साधारण 13 अँपिअर ओढतो. 15 लिटरचा स्टोरेज गिझर बहुतेक 2 किलोवॉटचा, म्हणजे 9 अँपिअरच्या आत.

आमच्या फिटरची खेप वाया जाते ती याचमुळे. बाथरूममध्ये लाइटच्या लाइनवरून काढलेला 6 अँपिअरचा प्लग असतो आणि "कन्व्हर्टर (मोठी पिन छोट्या प्लगमध्ये बसवणारा जोड) लावून आजच्यापुरता चालू करून द्या" असा आग्रह होतो. ते आम्ही करत नाही. बारीक वायर भिंतीच्या आत तापते, इन्सुलेशन वितळतं आणि बाहेरून काही दिसत नाही. गिझरला 16 अँपिअरचा सॉकेट, डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-बोर्डापासून) स्वतंत्र 4 चौरस मिमी तांब्याची वायर, 20 अँपिअरची एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवं. अर्थिंग तपासल्याशिवाय आमचा माणूस गिझर चालू करणार नाही. तेवढा वेळ त्याला द्या.

बिलाचं म्हणाल, तर 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 वर न्यायला दोन्हींत अर्धा युनिटच लागतो. स्टोरेज दिवसभर चालू ठेवला तरच जास्तीची वीज जाते. अंघोळीआधी 20-25 मिनिटं लावा, मग बंद करा.

इन्स्टंटमध्ये पहिले दोन-तीन तांबे कडकडीत येतात. पुढे नळ मिनिटाला दोन लिटरपेक्षा जास्त सोडला की पाणी कोमट. त्यामुळे शॉवरला तो पुरत नाही. ओट्यावरची भांडी किंवा एकट्याची बादली यासाठी उत्तम. चौघांचं घर असेल तर 25 लिटरचा स्टोरेज घ्या. 15 लिटरमध्येही भागतं, पण दोन अंघोळींच्या मध्ये थांबावं लागतं.

स्टोरेजचा सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना थोडा ठिबकतो. तो बिघाड नव्हे, कृपया बूच मारू नका; टाकीतला दाब तिथूनच सुटतो. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतात आणि टाकीला गंजापासून वाचवणारा ॲनोड रॉड लवकर झिजतो. वर्षातून एकदा उघडून बघायलाच हवं. रॉड आमच्याकडे मिळतो, बदलूनही देतो.

गिझर ठरवण्याआधी बाथरूमच्या प्लगचा आणि डीबीचा फोटो दुकानात दाखवा. लाइन नवी ओढावी लागणार असेल तर खर्च तिथेच सांगू, आणि वायरिंग व फिटिंग एकाच खेपेत होईल.