‘सिटेशियन’ म्हणजे नेमके कोण?

व्हेल वेगळा आणि डॉल्फिन वेगळा, ही समजूत आकारावरून झाली आहे. ‘किलर व्हेल’ म्हणून ओळखला जाणारा ओर्का हा खरे तर डॉल्फिन कुळातला सर्वांत मोठा सदस्य. दात असलेला अजस्र स्पर्म व्हेलसुद्धा नात्याने निळ्या देवमाशापेक्षा डॉल्फिनलाच जवळचा. त्यामुळे व्हेल, डॉल्फिन आणि पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखाच छोटा प्राणी) अशा सुमारे ९० जातींना मिळून एक नाव लागते, ते म्हणजे सिटेशियन. सील किंवा डुगाँग (समुद्रगाय) यात येत नाहीत, तेही समुद्री सस्तन असले तरी.

शब्दाचे मूळ ग्रीक ‘केटोस’मध्ये आहे. केटोस म्हणजे समुद्रातला कोणताही राक्षसी प्राणी; त्यात प्राणिशास्त्र काहीच नव्हते. आकाशातल्या सीटस तारकासमूहाचे नावही तिथूनच आले. ॲरिस्टॉटलने मात्र इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच हे प्राणी बारकाईने पाहिले होते. डॉल्फिन हवेत श्वास घेतो, पिलाला जन्म देऊन दूध पाजतो, झोपताना तोंड पाण्याबाहेर ठेवतो, हे सगळे त्याने नोंदवले आहे. तरी पुढची दोन हजार वर्षे बहुतेकांनी त्यांना माशांतच मोजले. प्राण्यांचे वर्गीकरण मांडणाऱ्या लिनियसनेही १७३५ मध्ये ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथात तेच केले आणि त्याच्याच १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यांना सस्तनांत हलवले.

बाजाराला हे मान्य नव्हते. १८१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माशाच्या तेलाची सरकारी तपासणी सक्तीची होती. सॅम्युएल जड या व्यापाऱ्याकडे व्हेलच्या तेलाची तीन पिपे तपासणीविना सापडली आणि जेम्स मॉरिस या निरीक्षकाने त्याच्यावर दावा लावला. व्हेल मासाच नाही, मग तपासणी कसली, असा जडचा बचाव. निसर्गअभ्यासक सॅम्युएल मिचिलने त्याच्या बाजूने साक्ष दिली. साक्षीदारांत प्रिझर्व्हड फिश नावाचा एक जुना व्हेलशिकारी कप्तानही होता (हे त्याचे खरे नाव). ज्युरीने फार वेळ न घेता व्हेल हा मासाच आहे असे ठरवले. विज्ञान हरले, पण थोड्याच दिवसांत विधिमंडळाने कायदा बदलला आणि व्हेलचे तेल तपासणीतून वगळले. म्हणजे जडचे व्यवसायबंधू शेवटी सुटलेच.

तज्ज्ञांचीही फसगत झाली. १८३४ मध्ये अमेरिकेत सापडलेल्या प्रचंड मणक्यांना ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे राजसरडा, असे नाव मिळाले. काही वर्षांनी शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने त्या प्राण्याच्या दोन मुळांच्या, म्हणजे सस्तनांसारख्या, दाढा पाहिल्या आणि तो प्राचीन व्हेल असल्याचे दाखवून दिले. नामकरणाच्या नियमामुळे सरड्याचे नाव मात्र आजही कायम आहे. १९९० च्या दशकात डीएनएच्या अभ्यासातून पाणघोडा हा व्हेलचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग निघाला. त्यामुळे सिटेशियनांचा स्वतंत्र गण मानण्याऐवजी त्यांना गाय, डुक्कर अशा समखुरी प्राण्यांच्या गणातच धरले जाऊ लागले. शब्द टिकला, त्याचा दर्जा बदलला.

व्यवहारात त्याची खरी गरज भासते ती करारांत. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने ‘सिटेशियन’ हाच शब्द वापरला, त्यामुळे त्यात डॉल्फिनही निर्विवाद आले. त्याआधी १९४६ मध्ये झालेल्या व्हेलशिकार नियमन कराराची गोष्ट उलटी. त्यात ‘व्हेल’ची व्याख्याच दिलेली नाही. परिणामी आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचा अधिकार कुठवर चालतो यावर सदस्य देश वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर बंदी ठरवली, पण ‘लहान सिटेशियन’ तिच्या बाहेर राहिले. हे ‘लहान’ किती लहान? बेअर्डचा चोचवाला व्हेल दहा मीटरहून लांब वाढतो, बंदीच्या कक्षेतल्या मिंके व्हेललाही तो सहज मागे टाकतो. तरी तो ‘लहान’ गटात मोडतो, आणि जपान आयोगाचा सदस्य असतानाही त्याची शिकार स्वतःच्या कोट्याने करत राहिला.