घाटात न्यूट्रल केल्याने डिझेल वाचत नाही
कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना गाडी न्यूट्रल करायची, मायलेज वाढतं, हे आपल्या खान्देशात वर्षानुवर्षं ऐकतोय. कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांत त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या फोर बाय फोर एसयूव्हीत उलट घडतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचं इंधन बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल तर बघा, आकडा एकदम वर जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर लागत नाहीत. एवढी जड गाडी आहे, भाऊ! दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरवा.